सेव्ह झालं, पण कुठे?

जुन्या पेढीवर हिशेबाच्या वह्यांची उतरंड असायची. दिवसभरात जे घडेल ते आधी कच्च्या वहीत जायचं. संध्याकाळी गल्ला मोजून, ताळा जमला की ते कीर्दीत चढायचं. मग सवडीने कीर्दीतून ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत. कच्च्या वहीत खाडाखोड चालायची, कीर्दीत मात्र ती डोळ्यांवर यायची. कुठलं लिहिणं आठवणीपुरतं आणि कुठलं जबाबदारीचं, हे वही पाहूनच कळायचं.

आज आपण मोबाइलवर 'सेव्ह' दाबतो आणि हिरवी खूण येते. वही एकच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात उतरंड तशीच आहे, फक्त ती दिसेनाशी झाली आहे. तिच्या पायऱ्या किती, नोंद नेमकी कोणत्या पायरीवर पक्की होते आणि हे ठरवतं कोण, हा या लेखाचा विषय. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यातही डेटाबेसशी बोलणारा भाग. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. पण त्याचं उत्तर शोधत मागे जायला लागलं की माणूस थेट पंधराव्या शतकातल्या व्हेनिसपर्यंत पोचतो.

आधी कोडं काय आहे ते पाहू.

पायथनमध्ये काम करणारे बरेच जण 'एसक्यूएलअल्केमी' नावाची लायब्ररी वापरतात. ती ओआरएम प्रकारातली, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग करणारी. तिला दुभाषी म्हणायला हरकत नाही. प्रोग्रामर 'विद्यार्थी' नावाच्या ऑब्जेक्टशी बोलतो आणि डेटाबेसला फक्त टेबलं, ओळी आणि रकाने कळतात. मधे बसून याचं त्याला सांगायचं काम ओआरएमचं. या दुभाष्याच्या हातात एक वही असते, तिला 'सेशन' म्हणतात.

या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींना पहिल्या काही दिवसांतच चकवा लागतो. नवा विद्यार्थी तयार केला, सेशनला 'ॲड' सांगितलं. नंतर सगळे विद्यार्थी मागवले, तर नवा त्यात आहे. त्याला क्रमांकही मिळालाय, समजा ४१. हा क्रमांक डेटाबेस देतो, म्हणजे नोंद तिथवर पोचली हे नक्की. आता शेजारच्या खिडकीत दुसऱ्या प्रोग्राममधून तेच टेबल उघडलं, तर ४१ क्रमांकाचा कुणी नाही. पहिला प्रोग्राम संपला. तो पुन्हा चालवला, तर आता तिथेही नाही. कुठे लाल अक्षरं नाहीत, चुकीची सूचना नाही. नोंद आली होती आणि आवाज न करता निघून गेली.

कधी याच्या बरोब्बर उलट होतं. डेटाबेसमधून एक विद्यार्थी आणला, छापण्यापुरतं त्याचं नाव ऑब्जेक्टमध्ये जरा वेगळं करून घेतलं. 'सेव्ह कर' असं कुणीच म्हटलं नाही. त्याच कामात पुढे दुसरीच कुठली नोंद पक्की केली आणि पाहतो तो काय, नावाचा बदलही कायमचा नोंदला गेला.

एकदा सांगूनही जतन होत नाही, एकदा न सांगता होतं. दोन्हीचं कारण एकच. ओआरएममध्ये 'जतन' ही एक क्रिया नसून दोन आहेत. पहिली फ्लश, म्हणजे दुभाष्याने आपल्या वहीतलं डेटाबेसला सांगणं. दुसरी कमिट, म्हणजे 'आता हे पक्कं' असा शब्द देणं. फ्लश झालेली नोंद डेटाबेसपाशी पोचते, पण ती फक्त आपल्या जोडणीला दिसते आणि कधीही मागे घेता येते. कमिट झालं की ती सगळ्यांची होते.

हे दोन शब्द वेगळे का ठेवावे लागले, ती गोष्ट लांबची आहे.

व्हेनिसच्या तीन वह्या

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने गणितावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्याच्या एका भागात त्याने तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेब ठेवण्याची रीत लिहून काढली. ही रीत त्याने शोधली नव्हती, ती आधीपासून वापरात होती. पण छापील ग्रंथात नीट मांडून ती दूरवर पोचवण्याचं श्रेय त्याचं.

त्या रीतीतही वह्या तीनच. पहिली स्मरणवही. तिच्यात मालकाने लिहावं, कारकुनाने लिहावं, घरातल्या लिहिता येणाऱ्या बाईनेही लिहावं. जे घडलं ते, ज्या नाण्यात घडलं त्या नाण्यात, घडेल तसं. दुसरी रोजकीर्द, तिच्यात तेच सगळं एका चलनात आणून क्रमाने. तिसरी खतावणी, तिच्यात प्रत्येक व्यवहार दोनदा, एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा.

पाचोलीने सांगितलेली एक बारीक सवय मला फार महत्त्वाची वाटते. कीर्दीतली नोंद खतावणीत नावे टाकली की कीर्दीतल्या त्या नोंदीवर एक रेघ मारायची. जमेची बाजू टाकली की दुसरी रेघ. म्हणजे ज्या नोंदीवर दोन रेघा, तिचं काम पुरं झालं. जिच्यावर एकच रेघ, तिचे पैसे एका खात्यातून निघालेत पण दुसऱ्या खात्यात पोचलेले नाहीत. मधेच कारकून आजारी पडला, तर दुसऱ्या दिवशी बसणाऱ्या माणसाला रेघा पाहून कळणार की काम कुठवर आलंय.

डेटाबेसशास्त्राला पुढे ज्या अडचणीने झोप लागू दिली नाही ती हीच, पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मधली वेळ.

विसरणारी स्मृती

१९५० आणि ६०च्या दशकांतल्या संगणकांची स्मृती चुंबकीय होती. फेराइटच्या इवल्याशा कड्या तारांमध्ये ओवलेल्या असत. वीज गेली तरी कड्या आपली चुंबकीय दिशा सोडत नसत. १९७० साली इंटेलने ११०३ ही स्मृतीची चिप बाजारात आणली आणि चित्र बदलत गेलं. या प्रकारच्या स्मृतीत प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक छोटा साठा, आणि तो सतत गळत असतो. सेकंदात अनेकदा तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं कोरं. स्मृती स्वस्त झाली, वेगवान झाली आणि विसरभोळी झाली. टिकवायचं ते डिस्कवर, आणि डिस्क स्मृतीच्या मानाने अतिशय संथ. कच्ची वही आणि पक्की वही यांची फारकत आता यंत्राच्या पोटात झाली.

त्याच १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉडने माहिती साध्या टेबलांमध्ये ठेवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात उतरवण्यासाठी तिथेच 'सिस्टिम आर' हा प्रकल्प उभा राहिला. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी जी भाषा मांडली, तिचंच पुढचं रूप म्हणजे एसक्यूएल. आणि याच गटात जिम ग्रे होता.

एकाच वेळी अनेक जण तीच टेबलं वाचत-लिहीत असतील, आणि मधेच यंत्र कोसळलं, तर हिशेब खरा कसा राहावा, हा ग्रेचा प्रश्न होता. १९७६ साली ईश्वरन, लोरी आणि ट्रायगर यांच्यासह त्याने लिहिलेल्या निबंधाने 'ट्रान्झॅक्शन' या कल्पनेला काटेकोर रूप दिलं. अनेक बदलांची एक मोट बांधायची. मोटेतलं सगळं होईल, नाहीतर काहीच होणार नाही.

१९८१ सालच्या निबंधात त्याने ही कल्पना आली कुठून तेही सांगितलं. ती संगणकातून आलेली नाही, ती करारांच्या कायद्यातून आलेली आहे. तिथे त्याने ख्रिस्ती लग्नाचं उदाहरण दिलं. दोघं वर्षानुवर्षं ठरवाठरवी करोत, पण विधी चालवणारा माणूस दोघांना वेगवेगळं विचारतो, दोघंही 'हो' म्हणतात, मग तो जाहीर करतो. जाहीर होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं. नंतर नाही.

आपल्याकडे याला याहून नेमकं उदाहरण कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. साखरपुडा झालेला असतो, हॉलचे पैसे भरलेले असतात, पंगत बसायची वेळ झालेली असते. सगळ्या गावाला ते नवराबायको दिसत असतात. तरी सहाव्या पावलापर्यंत सगळं फ्लश. सातवं पाऊल म्हणजे कमिट.

आधी रोजनिशी, मग टेबल

आता एक शंका येईल. कमिट म्हणजे डिस्कवर लिहिणं, एवढं सोपं का नाही?

१९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात 'ॲसिड' ही चार गुणांची आद्याक्षरं पहिल्यांदा आली. ती आज प्रत्येक मुलाखतीत विचारतात. पण त्याच निबंधात दोन साधे प्रश्न आहेत, त्यांची आठवण कमी जणांना असते. एक, कमिट न झालेला बदल डिस्कवर जाऊ द्यायचा का? दोन, कमिट होताना सगळे बदल टेबलाच्या जागी डिस्कवर लिहिलेच पाहिजेत का?

वेगवान डेटाबेस पहिल्याला 'हो' म्हणतात आणि दुसऱ्याला 'नाही'. स्मृती भरली तर कच्चे बदलसुद्धा डिस्कवर ढकलावे लागतात. आणि प्रत्येक कमिटला टेबलाची सगळी पानं डिस्कवर लिहीत बसलं तर रांगा लागतील. म्हणजे एखाद्या क्षणी डिस्कवरच्या टेबलात कच्ची नोंद असू शकते, आणि पक्की नोंद तिथे नसूही शकते.

हे चालतं, कारण शेजारी एक रोजनिशी असते. तिला लॉग म्हणतात. नियम एकच. कुठलाही बदल टेबलाच्या जागी डिस्कवर लिहिण्याआधी तो रोजनिशीत डिस्कवर उतरलेला असला पाहिजे. कमिट म्हणजे या रोजनिशीत 'हा व्यवहार पुरा झाला' ही ओळ पक्की होणं. बाकी सगळं सवडीने.

आयबीएममध्येच सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'एरीज' ही पद्धत प्रसिद्ध केली. मोहन मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. यंत्र कोसळून पुन्हा उठल्यावर काय करायचं, ते या पद्धतीत सांगितलंय. आधी रोजनिशी वाचून परिस्थितीचा अंदाज घ्यायचा. मग घडलेलं सगळं, अर्धवट राहिलेलंसुद्धा, पुन्हा घडवायचं. शेवटी ज्यांच्यापुढे 'पुरा झाला' ही ओळ नाही ते व्यवहार उलट क्रमाने पुसायचे. पाचोलीच्या कारकुनाने दुसऱ्या दिवशी रेघा पाहून जे केलं असतं, तेच हे.

थोडक्यात, नोंद कुठे आहे यावरून ती पक्की ठरत नाही. तिच्याबद्दल शब्द दिला गेलाय का, यावरून ठरते.

दुभाष्याची वही

हे सगळं डेटाबेसच्या पोटात मार्गी लागत असताना प्रोग्रामरांची भाषा बदलत होती. स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, मग जावा. जग आता ऑब्जेक्टचं झालं. पण कंपन्यांची माहिती टेबलांत होती आणि तिथेच राहणार होती. दोन्हीकडच्या भाषा कळणारा दुभाषी लागणार हे उघड होतं.

कॅनडातल्या ऑटावाच्या 'द ऑब्जेक्ट पीपल' या कंपनीने स्मॉलटॉकसाठी 'टॉपलिंक' केलं. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने १९९४ साली 'एंटरप्राइझ ऑब्जेक्ट्स फ्रेमवर्क' आणलं. त्यात बदल गोळा करणारी एक जागा होती आणि 'बदल जतन कर' अशी एक आज्ञा. २००१ साली गॅव्हिन किंग या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने जावाच्या तेव्हाच्या अवजड पद्धतीला कंटाळून 'हायबरनेट' सुरू केलं. २००२ साली मार्टिन फाउलरच्या पुस्तकाने या सगळ्यांत दिसणाऱ्या रचनेला सर्वांच्या तोंडी बसलेलं नाव दिलं, 'युनिट ऑफ वर्क'. २००६ साली माइक बायरने पायथनसाठी एसक्यूएलअल्केमी बाहेर काढलं.

युनिट ऑफ वर्क, म्हणजे सेशन, तीन याद्या ठेवतं. नवीन काय आलं, जुन्यात काय बदललं, काय काढून टाकायचं. बदल तुम्ही सांगावे लागत नाहीत. ऑब्जेक्ट आणताना तो कसा होता आणि आता कसा आहे, यावर दुभाष्याचं लक्ष असतं. न सांगता जतन होण्याचं रहस्य हे.

मग तो हे सगळं लगेच डेटाबेसला का सांगत नाही? कारण प्रत्येक निरोप म्हणजे नेटवर्कवरची एक खेप. शिवाय बदल सांगितला की डेटाबेस त्या ओळीला कुलूप लावतो आणि तीच ओळ बदलू पाहणारे बाकीचे खोळंबतात. म्हणून गोळा करा, क्रम लावा, एकदम पाठवा. क्रमही महत्त्वाचा. आधी वर्ग आणि मग त्या वर्गातला विद्यार्थी, नाहीतर डेटाबेस नोंद घेणारच नाही.

पण गोळा करत बसण्यात एक धोका आहे. मी नवा विद्यार्थी वहीत ठेवला आणि लगेच डेटाबेसला विचारलं, 'एकूण किती?' डेटाबेसला नव्याची कल्पनाच नाही. तो जुना आकडा सांगेल. म्हणून एसक्यूएलअल्केमी प्रश्न विचारण्याआधी मुकाट्याने फ्लश करतं. हायबरनेटही, प्रश्नाचा संबंध त्या टेबलाशी असेल तर, तेच करतं. यालाच ऑटोफ्लश म्हणतात. कोड्यातल्या विद्यार्थ्याला ४१ क्रमांक मिळाला तो इथे.

मग मुकाट्याने कमिट का करत नाही? मला वाटतं, या विषयाचं मर्म इथे आहे. फ्लश कधी करायचं हे यंत्र ठरवू शकतं, कारण त्यासाठी लागणारं सगळं त्याला माहीत असतं. कोणते बदल बाकी आहेत, कोणता प्रश्न येतोय, कोणता क्रम लागेल. कमिट कधी करायचं हे त्याला ठरवता येत नाही, कारण काम कुठे पुरं होतं हे त्या माहितीत नसतंच. फी घेतली, पावती केली, शिष्यवृत्ती वजा केली. यातलं कितवं पाऊल सातवं, हे संस्थेचा कारभार जाणणारा माणूसच सांगू शकतो.

म्हणूनच पायथनच्या १९९९ सालच्या डेटाबेस-नियमावलीत असं ठरलं की जोडणी आपणहून कमिट करणार नाही, आणि कमिट न करता जोडणी बंद केली तर सगळं मागे घेतलं जाईल. नोंद आवाज न करता गेली ती या नियमाने. यंत्राच्या दृष्टीने तिथे चूक घडलेलीच नव्हती. कुणी सातवं पाऊल टाकलं नाही, एवढंच.

सगळ्यांनी हा रस्ता धरला नाही. २००४ सालच्या रेल्स आणि २००५ सालच्या जँगोमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतः 'सेव्ह' सांगायचं असतं. जँगोमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक सेव्ह लगेच पक्कं होतं. शिकायला हे सोपं पडतं. पण तीन सेव्हपैकी दोन झाले आणि तिसरं फसलं, तर दोन पक्के होऊन बसतात. मोट बांधायची असेल तर ती मुद्दाम बांधावी लागते. आणि मायएसक्यूएलमध्ये तर २०१० सालच्या ५.५ आवृत्तीपर्यंत, वेगळं न निवडल्यास, टेबलांना ट्रान्झॅक्शनच माहीत नसत. वेबची एक अख्खी पिढी पाचोलीची दुसरी रेघ न शिकता कामाला लागली.

पावती आहे, नोंद नाही

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या फीच्या हिशेबात घोळ झाला म्हणून मला पाहायला बोलावलं होतं. सॉफ्टवेअर आधीच्या कुणीतरी केलेलं. मी गेलो तेव्हा खिडकीपाशी एक गृहस्थ मोबाइल पुढे धरून उभे होते. "अहो, हा बघा मेसेज. पावती नंबर आहे, रक्कम आहे, तारीख आहे." आतल्या बाई स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवत होत्या. "काका, मी खोटं कशाला बोलू? इथे तुमचं नावच नाही." फी रोख भरलेली. मुलीचं परीक्षेचं प्रवेशपत्र अडलेलं.

दोघंही खरं बोलत होते. सॉफ्टवेअर फीची नोंद करायचं, पावती क्रमांक हवा म्हणून फ्लश करायचं, क्रमांक मिळाला की पालकांना मेसेज पाठवायचं, आणि त्यानंतर शिष्यवृत्तीचा हिशेब करून शेवटी कमिट. ज्या मुलांचा शिष्यवृत्तीचा तपशील अर्धवट होता, त्यांच्या बाबतीत तो हिशेब फसायचा आणि सगळी मोट परत जायची. मेसेज मात्र परत येत नाही. संस्थेने एका हाताने शब्द दिला होता आणि दुसऱ्या हाताने तो पुसला होता.

सुटका झाली ती एका तांत्रिक योगायोगाने. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार मागे घेतला तरी क्रमांक परत घेतला जात नाही. तो वाया जातो. पावत्यांच्या क्रमात जिथे जिथे खिंडार होतं, तिथले क्रमांक काढले आणि मेसेज पाठवणाऱ्या सेवेच्या यादीशी लावून पाहिले. गृहस्थांचा क्रमांक त्यात होता. त्यांच्यासारख्या इतरांचेही होते. खिंडारांवरून खऱ्या पावत्या उभ्या केल्या.

दुरुस्ती लहान होती. मेसेजचा मजकूरही एका टेबलात, फीच्या नोंदीबरोबर त्याच मोटेत लिहायचा. कमिट झालं की दुसरा प्रोग्राम ते टेबल पाहून मेसेज पाठवेल. या पद्धतीला 'आउटबॉक्स' म्हणतात. तरीही कधी मेसेज उशिरा जाईल, कधी दोनदा जाईल. पण नोंद नसताना पावती जाणार नाही. नोंद आहे आणि पावती नाही, हे निस्तरता येतं. उलटं झालं तर माणूस खिडकीपाशी खोटा ठरतो.

कमिटच्याही खाली

कमिट झालं म्हणजे तरी सुटलो का? डेटाबेस रोजनिशीची ओळ ऑपरेटिंग सिस्टिमला देतो. तीही ती आधी स्वतःच्या स्मृतीत ठेवते. म्हणून डेटाबेसला 'एफसिंक' ही आज्ञा द्यावी लागते, म्हणजे 'खरोखर डिस्कवर टाक आणि मगच मला सांग.' २०१८ साली पोस्टग्रेसच्या मंडळींच्या लक्षात आलं की लिनक्सवर ही आज्ञा एकदा अपयशी ठरल्यावर पुन्हा दिली, तर ती 'झालं' म्हणू शकते, जेव्हा मधला मजकूर हरवलेला असतो. इतकी वर्षं सगळे या उत्तरावर विसंबून होते. पुढच्या वर्षीच्या आवृत्त्यांत पोस्टग्रेसने धोरण बदललं. एफसिंक फसलं तर पुन्हा विचारायचंच नाही. सरळ कोसळायचं आणि उठून रोजनिशी पुन्हा वाचायची.

खाली कितीही उतरलं तरी तळाशी कुणाचा तरी शब्दच सापडतो.

ना हो, ना नाही

व्यवहार दोन यंत्रांवर असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. यासाठीची 'टू-फेज कमिट' ही रीत जिम ग्रेने १९७८ साली मांडली. मुख्य यंत्र आधी सगळ्यांना विचारतं, 'तयार?' सगळे 'हो' म्हणाले तर दुसऱ्या फेरीत 'करा' सांगतं. यात एक जागा भीषण आहे. एकाने 'तयार' म्हटलं आणि मुख्य यंत्रच गप्प झालं, तर त्याला आता पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. कुलपं तशीच धरून थांबायचं. या अवस्थेचं नाव 'इन डाउट'.

यूपीआयवर पैसे पाठवल्यावर कधीतरी 'पेंडिंग' दिसतं, खात्यातून रक्कम गेलेली असते आणि समोरच्याला मिळालेली नसते. यूपीआयची यंत्रणा अगदी ग्रेच्या रीतीने चालत नाही, पण जागा तीच, दोन रेघांच्या मधली. तिथे किती वेळ राहायचं हे यंत्र ठरवत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने ते ठरवलं. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात परत, आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

जिम ग्रेला १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी तो आपल्या 'टेनेशियस' या शिडाच्या बोटीतून सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच निघाला. आईच्या अस्थी फॅरलॉन बेटांजवळ समुद्रात सोडायच्या होत्या. तो परतला नाही. तटरक्षक दलाने शोधलं. मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रं मिळवली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ती आपापल्या संगणकावर बारकाईने पाहिली. बोट सापडली नाही, तुकडा सापडला नाही, मदतीचा संदेशही आलेला नव्हता.

२००८च्या मे महिन्यात बर्कली विद्यापीठात त्याच्या सन्मानार्थ लोक जमले, तेव्हा तिथे पॉलीन बॉस या मानसशास्त्रज्ञही बोलल्या. माणूस गेला की आहे हे कळत नाही, अशा दुःखाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आहे. ज्याने यंत्रांना 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एक म्हणायला शिकवलं, त्याच्या घरच्यांच्या वाट्याला दोन्हीच्या मधली जागा आली. अखेर २०१२ साली न्यायालयाने त्याला मृत घोषित केलं. नवी माहिती काहीच आलेली नव्हती. कुणीतरी ठरवायला हवं होतं, म्हणून ठरवलं गेलं.